तुम्ही विचारलंत म्हणून: सुरी उचलताना मी काय पुटपुटते

आमच्याकडे जेवायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. कलिंगड कापायला सुरी उचलली की मी आवाज घोगरा करून "थुंगुर ह्नीवुर" म्हणते. मंत्रबिंत्र नाही हो. आइसलँडिकमध्ये "जड सुरी", एवढाच अर्थ.

सवय स्वीडनची. तिथे नोकरीला असताना ऑफिसात केक आला की सुरी हाती घेणारा हेच म्हणायचा आणि चाळिशीपुढचे सगळे खिदळायचे. मी नुसती बघत राहायचे. शेवटी एकाला विचारलं. म्हणाला, "शाळेत दाखवला होता ना!"

'ह्राप्निन फ्लीगुर', 1984 चा आइसलँडिक सिनेमा. वाक्य त्यातलं. 'डोमकावळा उडतो.' दिग्दर्शक ह्राप्न गुन्लॉग्सन. आणि ह्राप्न म्हणजेही डोमकावळाच. व्हायकिंग लोकांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लुटारूंनी, आयर्लंडमध्ये एका पोराचे आईबाप मारले, बहीण पळवली. तो मोठा होऊन आइसलँडला येतो, नाव सांगतो गेस्ट, म्हणजे पाहुणा, आणि दोन टोळ्यांची आपसात जुंपून देतो. चाल सरळसरळ इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नची, म्हणजे काउबॉय सिनेमांची. इटलीच्या स्पॅगेटी वेस्टर्नवरून याला 'कॉड वेस्टर्न' म्हणाले. आइसलँडचा मासा तो.

स्वीडनने ह्राप्नला दिग्दर्शनासाठी गुल्डबाग्गे हा आपला मोठा चित्रपट पुरस्कार दिला. मग सिनेमा शाळांमध्ये गेला, व्हायकिंग शिकवायला. आता इतिहासाच्या तासाला बसवलेली तेरा-चौदा वर्षांची पोरं सूडकथेचं काय करणार? कळायला सबटायटल्स, आणि कानावर ओळखीची वाटूनही न कळणारी भाषा. त्यांनी त्यातलं एक वाक्य उचललं आणि पुढे आयुष्यभर वापरलं. विनोदी सिनेमातली वाक्यं आपल्याही तोंडात असतात, पण इथे सिनेमाभर कुणी हसत नाही!

मी तो मग एका रविवारी पाहिला. हसायच्याच तयारीने बसले होते. शिंगांची शिरस्त्राणं कुठेच नाहीत. चिखल, ओली लोकर, मळलेले चेहरे. घोडे आइसलँडचे, म्हणजे बुटके. त्यांच्यावर धिप्पाड माणसं बसली की पाय लोंबतात, तरी भीती वाटते. फेकलेली सुरी लागली की माणूस गप्पकन पडतो, भाषणं करत नाही. मला तो सिनेमा मनापासून आवडला. सहकाऱ्यांना तसं सांगितलं, तर ते एका सुरात म्हणाले, "थुंगुर ह्नीवुर!"

आमची सुरी हलकीच आहे, दादरला घेतलेली.