आधी व्हिसाचे नियम, मग सेल्टा

सेल्टा (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) करू की एखादा ऑनलाइन टेफल कोर्स, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: शिकवायचं कुठल्या देशात आहे, आणि पासपोर्ट कुठला? समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. पण परदेशात इंग्रजी शिकवायचं तर पदवी, पासपोर्ट आणि प्रमाणपत्र हे तिन्ही एकत्र बघितलं जातं, आणि त्यातलं काही आठवड्यांत मिळवता येतं ते फक्त प्रमाणपत्र.

दक्षिण कोरियाचंच बघा. इंग्रजी शिकवण्यासाठी तिथला ई-टू व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. माझा पासपोर्ट यातला नाही. जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असं लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा तुमच्या इंग्रजीशी त्याचा काही संबंध नसतो, पासपोर्टच विचारायचा असतो. संताप होतो. होऊ द्यावा आणि पुढची जाहिरात उघडावी. ऑनलाइन शिकवण्याचा मोठा बाजार एकेकाळी चीनमध्ये होता; जुलै २०२१मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध घातले आणि लहान मुलांना परदेशातून शिकवणाऱ्यांचं ते काम जवळजवळ एका झटक्यात गेलं. म्हणजे पासपोर्ट चालत असला तरी नियम बदलतात.

व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी मागतात. नेटिव्ह नसलेल्यांकडून बऱ्याच ठिकाणी आयेल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. हे सगळं मला जमवता येण्यासारखं होतं, म्हणून देश आधी ठरला आणि कोर्स त्यानंतर.

कोर्सबद्दल एक गैरसमज फार आहे. टेफल ही संस्था नव्हे, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं ते नाव आहे. त्यामुळे 'टेफल सर्टिफिकेट' कुणीही छापू शकतं. १२० तास हा आकडा सगळीकडे मागतात खरा, पण ऑनलाइन १२० तासांत तुम्ही जिवंत विद्यार्थ्यासमोर एकदाही उभं राहिलेले नसता, असं सहज होऊ शकतं. केंब्रिजच्या सेल्टात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या विद्यार्थ्यांना. शिवाय चार लेखी असाइनमेंट, आणि शेवटी बाहेरचा असेसर, म्हणजे परीक्षक, येऊन तपासून जातो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल हा कोर्स याच तोडीचा. त्यात तुम्हाला अजिबात न येणाऱ्या भाषेचे काही तास घ्यावे लागतात, म्हणजे पहिल्या बाकावरच्या नवशिक्याचं काय होतं ते कळतं. ही कल्पना मला सेल्टातही असती तर आवडली असती.

पूर्ण वेळ सेल्टा चार-पाच आठवड्यांचा असतो, आणि त्या काळात दुसरं काही करायची स्वप्नं बघू नयेत. ज्ञान फार लागतं अशातला भाग नाही. गप्प बसणं जड जातं. आमच्या बॅचमध्ये दोघं-तिघं वर्षानुवर्षं शाळेत शिकवलेले होते. सगळ्यात जास्त तेच रडकुंडीला आले, कारण फळ्यापाशी उभं राहून समजावून सांगायची सवय जाता जात नव्हती. सेल्टात समजावणं कमी आणि विचारणं जास्त. 'आय यूज्ड टू स्मोक' हे वाक्य शिकवायचं असेल तर नियम सांगायचा नाही. आधी गोष्टीतून वाक्य बाहेर काढायचं, मग विचारायचं: हा पूर्वी सिगारेट ओढायचा का? एकदाच की नेहमी? आता ओढतो का? तीन छोटी उत्तरं आली की अर्थ पोचला. त्यानंतर फॉर्म, म्हणजे वाक्याची रचना, मग उच्चार: 'यूज्ड टू' बोलताना जोडून येतं, मधला 'ड' ऐकूच येत नाही. 'समजलं का?' हा प्रश्न मात्र वर्ज्य, कारण त्याला जगभरात सगळे 'हो'च म्हणतात.

हीच शिस्त व्हिएतनाममधल्या नोकरीच्या डेमोत, म्हणजे नमुना तासाला, कामी आली. मुलाखतीत प्रमाणपत्राकडे एक नजर टाकली गेली आणि मला थेट आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात सोडलं. व्हिएतनामी मुलं इंग्रजी शब्दांतलं शेवटचं व्यंजन गिळतात. नाईस, नाईफ आणि नाईन हे तिन्ही 'नाय' होतात. मी तीन चित्रं तीन भिंतींना लावली, शब्द म्हटला की मुलांनी त्या भिंतीकडे पळायचं. दोन-चार फेऱ्यांनंतर शब्द म्हणायचं काम मुलांकडे दिलं. शेवटचा आवाज खाल्ला की वर्ग तिन्हीकडे पांगायचा आणि बोलणाऱ्याला आपोआप कळायचं. मॅनेजरबाईंनी नंतर अपेक्षित प्रश्न विचारलाच: पालक म्हणाले नेटिव्ह टीचर हवी, तर? मी म्हटलं, इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे आहेत हे मला मोठेपणी शिकावं लागलं, दोन्हींसाठी आमच्याकडे एकच 'व' आहे. ओठ कुठे ठेवायचे आणि दात कुठे, हे मी सांगू शकते; ज्याला ते जन्मजात येतं त्याला बहुधा सांगता येत नाही. त्यांना ते पटलं की माणसांची टंचाई होती, कोण जाणे. ऑफर आली.

ऑफर लेटर वाचताना पगाराच्या आकड्याआधी तास बघा. 'आठवड्याला वीस तास' म्हणजे वर्गातले तास. तयारी, वह्या, पालकसभा आणि ऑफिसात नुसतं बसून राहणं हे त्यात धरलंय का, ते लेखी विचारा. लँग्वेज सेंटरचं काम शाळा सुटल्यावर सुरू होतं, त्यामुळे संध्याकाळ आणि शनिवार-रविवार तुमचे नसतात. सरकारी शाळांत दिवसा शिकवता येतं, पण एका वर्गात चाळीसेक मुलं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण गाडी अडते ती तिथेच. १९६१च्या हेग करारातल्या देशांत कागद खरे असल्याचा अपोस्टिल नावाचा एक शिक्का पुरतो. बाकी देशांसाठी आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा. मी गेले तेव्हा व्हिएतनामसाठी दोन्ही लागत. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे घरी असतानाच बघून घ्या. पोलिसांचा दाखला मात्र फार लवकर काढू नका, तो ठरावीक महिन्यांपेक्षा जुना झाला की चालत नाही.

'तुम्ही टुरिस्ट व्हिसावर या तर खरं, बाकीचं इथे आल्यावर बघू' असं म्हणणारी सेंटर्स भेटतात. गोड बोलतात आणि घाईत असतात. त्यांना एवढंच विचारायचं: वर्क परमिटसाठी कोण अर्ज करणार, कधी आणि कुणाच्या खर्चाने? उत्तर ईमेलवर मागायचं. परमिट हातात आलं तरी ते त्या एका संस्थेपुरतंच असतं, त्यामुळे संध्याकाळी दुसरीकडे दोन तास शिकवायची कुणी गळ घातली तर आधी आपल्या सेंटरच्या एचआरला विचारा.