तारखांची वही : २२७ पानं भरली, १३९ बाकी

मंडळी, मागची नोंद लिहिली त्याला पाच महिने झाले. तेव्हा १८४ पानं भरली होती, आज २२७ झाली आहेत. मधे बरेच दिवस नवं पान लिहिणं बाजूला ठेवून जुनीच पानं तपासत बसले होते. ते का, हे सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी काहींनी अशाच वह्या सुरू केल्या आहेत, त्यांना उपयोग होईल.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात : वहीत ३६६ पानं, एका तारखेला एक. मराठी आणि हिंदी सुगम, नाट्य आणि चित्रपट संगीतातले जन्म, स्मृतिदिन, पहिलं प्रसारण, पहिली ध्वनिमुद्रिका, असं सगळं त्या त्या पानावर जातं. आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे जुळले की मगच शाई.

या पाच महिन्यांत तिसरा नियम वाढवला. शाई लावण्याआधी तारखेचा वार काढून बघायचा. त्यासाठी एक सोपी खूण आहे. कुठल्याही वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर हे पाचही दिवस एकाच वारी येतात. त्या वर्षीचा तो एक वार कळला, की बाकीच्या तारखा बोटांवर मोजता येतात. साध्या वर्षानंतर तो वार एकानं पुढे सरकतो, लीप वर्ष आलं की दोननं.

पहिली परीक्षा घेतली ती ३ डिसेंबर १९५२ची, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली त्या तारखेची. १२ डिसेंबर १९५२ला शुक्रवार होता. नऊ दिवस मागे गेले, तर बुधवार. गीतमाला कुठल्या वारी लागायची, हे आपल्या आधीच्या पिढीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तारीख आणि वार एकमेकांना असे भेटले आणि मी लगेच पेन उचललं. याच महिन्यात २१ तारखेला गीतमालेचे निवेदक अमीन सयानींचा जन्म (१९३२), तेव्हा डिसेंबरमध्ये गीतमालेची दोन पानं झाली. शेजारी बारीक अक्षरात त्यामागचं कारणही लिहिलं आहे. त्या वर्षी नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर मूळचे पुण्याचे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, ती या गेलेल्या श्रोत्यांना परत आणायला. ३ डिसेंबरच्या पानावरून ३ ऑक्टोबरच्या पानाकडे बाण काढून ठेवला आहे.

आता गीतरामायण. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, आणि चूकही तिथेच झाली होती.

सुरुवात पक्की आहे : १ एप्रिल १९५५, पुणे आकाशवाणी, रामनवमी. ४ एप्रिल १९५५ला सोमवार होता, म्हणजे १ एप्रिलला शुक्रवार. नवं गाणं दर शुक्रवारी सकाळी लागायचं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. हे वाचून माहीत होतं, तरी आत्याला विचारलं. ती तेव्हा बारा वर्षांची, सदाशिव पेठेत वाड्यात राहायची. ती म्हणाली, "अगं, शुक्रवारच. शनिवारी आमची सकाळची शाळा असायची, मग परत लागायचं ते ऐकायला मिळायचं नाही. शुक्रवारी खाली मालकांच्या ओटीवर जाऊन ऐकलं नाही, तर थेट रविवारी. मधला दिवस उपासाचा." तिचं हे वाक्य १ एप्रिलच्या पानावर तसंच्या तसं उतरवून घेतलं आहे.

चूक शेवटच्या तारखेत होती. वर्षभराचा कार्यक्रम म्हणजे ५२ आठवडे, असं धरून मी ५२ शुक्रवार मोजले आणि २३ मार्च १९५६च्या पानावर समाप्तीची नोंद केली. तीही शाईनं, कारण तेव्हा वाराचा नियम नव्हता. गाणी ५६ आहेत हे लहानपणापासून माहीत असूनही मोजताना ते डोक्यात आलं नाही. तपासायला बसले तेव्हा उलगडा झाला. त्या वर्षी अधिक मास आला होता. रामनवमी ते रामनवमी हे अंतर बारा नव्हे, तेरा चांद्रमासांचं झालं. १९५६ची रामनवमी १९ एप्रिलला. १ एप्रिल १९५५पासून मोजलं तर बरोबर ३८४ दिवस. आता शुक्रवार मोजा : ५६वा शुक्रवार येतो २० एप्रिलला. रामनवमी त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी. म्हणून शेवटचं गाणं १९ एप्रिलला लागलं. वर्षभर पाळलेला शुक्रवार शेवटच्या आठवड्यात एका दिवसानं अलीकडे आला, कारण सांगता रामनवमीलाच व्हायला हवी होती.

हे गणित जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मला उठून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. बावन्न गाण्यांच्या जागी छप्पन्न, म्हणजे पंचांगानं माडगूळकर आणि फडके यांच्याकडून चार गाणी जास्तीची मागून घेतली. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल, वादक आणि गायकांची तालीम, असं ते काम. त्या एका अधिक महिन्याचं मोल काय होतं, ते मला तारखा मोजल्यावर कळलं.

आता प्रश्न उरला की गीतरामायणाचा वाढदिवस कुठल्या पानावर. तारखेनं १ एप्रिल, तिथीनं चैत्र शुद्ध नवमी. माझा निर्णय : मुख्य नोंद १ एप्रिलला, आणि रामनवमीची एक सुटी चिठ्ठी, जी दर वर्षी गुढीपाडव्याला पंचांग बघून त्या वर्षीच्या पानात सरकवायची. जुन्या कलावंतांपैकी ज्यांचे उत्सव तिथीनं होतात, त्यांच्याही अशाच चिठ्ठ्या करते आहे. तुम्ही कसं करता, ते जरूर लिहा.

जुलैचं नुकसान. खिडकीच्या वरून पाणी झिरपलं आणि शेवटच्या आठवड्याची पानं भिजली. टिपकागद ठेवून, पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवलं, तरी शाई पसरलीच. तीन संध्याकाळी बसून सगळं पुन्हा लिहिलं. लिहिताना जाणवलं, वहीतला सगळ्यात जड आठवडा हाच : २५ जुलैला सुधीर फडके यांचा जन्म (१९१९, कोल्हापूर), २९ला त्यांचा स्मृतिदिन (२००२), ३०ला वसंतराव देशपांडे यांचा (१९८३), ३१ला मोहम्मद रफींचा (१९८०). लागोपाठ तीन दिवस, तीन आवाज. आधी ही पानं मी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वेळी भरली होती, त्यामुळे हे ध्यानातच आलं नव्हतं.

२६ जून हे पान मात्र पूर्ण भरलं, मागच्या बाजूपर्यंत. १८७३ला गौहर जान, १८७४ला राजर्षी शाहू महाराज, १८८८ला बालगंधर्व. महाराज गायक नव्हते. तरी त्यांना या पानावर जागा दिली, कारण नारायण राजहंस नावाच्या पोराला (म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना) किर्लोस्कर नाटक मंडळीकडे जाण्याची वाट त्यांच्यामुळे मोकळी झाली, आणि अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आसरा मिळाला तोही त्यांच्याच दरबारी. गौहर जानसाठी अर्धं पान राखलं. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायस्बर्ग याच्यापुढे त्या गायल्या. गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोवरला, आणि तिथल्या माणसांना लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळायला हवं. खरखरीतून येणारं ते नाव मी हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. तान संपते, जेमतेम एक श्वास, आणि लगेच तो ठणठणीत स्वर. कामाची सूचना म्हणून सुरू झालेली गोष्ट, पण ऐकताना ती सही वाटते.

एका पानावर न मावलेल्या दोन जोड्या. १ ऑक्टोबर १९१९ : ग. दि. माडगूळकर आणि मजरूह सुलतानपुरी, एकाच दिवशी. एक शेटफळ्याला, दुसरे सुलतानपूरला. त्याच तारखेला, तेरा वर्षं आधी, सचिन देव बर्मन. मजरूह आणि बर्मनदादांनी मिळून किती गाणी केली, ती यादीच वेगळी करावी लागेल, पानात बसणार नाही. दुसरी जोडी दोन पानांवरची : २१ सप्टेंबर १९२९ जितेंद्र अभिषेकी, २८ सप्टेंबर १९२९ लता मंगेशकर. मधे बरोबर एक आठवडा. अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीत जन्मले, लताबाई इंदूरला. पण मास्टर दीनानाथ मंगेशीचेच, आणि आडनावही तिथूनच आलेलं. दोन्ही दिवशी शनिवार होता, तेही लिहून ठेवलं आहे.

६ फेब्रुवारीबद्दल लिहायचं मागे दोनदा राहून गेलं. हे पान वहीतल्या पहिल्या काही पानांपैकी. त्यावर एकच नोंद होती : कवी प्रदीप, जन्म १९१५, बडनगर. खाली २७ जानेवारीच्या पानाचा संदर्भ, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवरची १९६३ची ती सभा, समोर पंडित नेहरू. शब्द प्रदीपांचे, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आवाज लताबाईंचा. २०२२च्या ६ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी बातमी आली. दुपारी वही काढली, आणि पान उघडल्यावर वर प्रदीपांचं नाव आधीपासून लिहिलेलं. "ऐ मेरे वतन के लोगो" लिहिणाऱ्याचा जन्मदिवस आणि ते गाणारीचा शेवटचा दिवस एकाच पानावर आले. त्या दिवशी मी पेन्सिल वापरली. पुरावा शोधायचा नव्हता, तरी शाई लावायला हात वळला नाही. ती नोंद या महिन्यात, चार वर्षांनी, शाईनं पक्की केली.

उरलेल्या १३९ पानांत मार्च आणि ऑगस्ट सगळ्यात रिकामे आहेत. १४ मार्चला 'आलम आरा' (१९३१) आणि सुरेश भटांचा स्मृतिदिन (२००३) आहेत, १०ला मंगेश पाडगांवकर, २०ला शाहीर साबळ्यांचा स्मृतिदिन, पण मधे मोकळी जागा फार. २९ फेब्रुवारीला रुक्मिणीदेवी अरुंडेल मिळाल्या होत्या. त्या नृत्याच्या, म्हणून पान तसंच ठेवलं. त्या तारखेचं संगीतातलं कुणी तुम्हाला ठाऊक असेल तर पुराव्यासकट कळवा.

पुढच्या रविवारी मिरजेला एका ओळखीच्या घरी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या साठेक तबकड्या बघायला जाते आहे. लेबलवरचा क्रमांक आणि खाचा संपतात तिथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही उतरवून घेणार. गाणी कुठल्या क्रमानं मुद्रित झाली, ते दुसऱ्या क्रमांकावरून लागतं. भिंग, मऊ ब्रश आणि नवी पेन्सिल पिशवीत भरून ठेवली आहे.