90 दिवस, शून्य

आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने मार्चमध्ये एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड बदलायचा प्रस्ताव, टाकली. नव्या ओळी दोन, काढलेल्या दोन हजारांच्या वर. आम्ही कॅसँड्रा या डेटाबेसची 3.11 आवृत्ती थोडे घरचे बदल करून चालवतो, आणि तिने हात घातला होता थेट त्यातल्या लेगसीलेआउट या क्लासला. 2.1, 2.2 च्या काळातला डेटा 3.0 च्या नव्या मांडणीत वाचून द्यायचा, हे त्या क्लासचं काम. तो उघडायचा तर मी आधी चहा घेऊन येतो.

पुरावा तिने चोख आणला होता. या कोडमध्ये कुणी शिरलं की वाढेल असा काउंटर लावून 90 दिवस सगळ्या 36 नोडवर (डेटाबेस चालवणाऱ्या मशीनवर) नजर ठेवली होती. आकडा शून्य. वर नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीचा दाखला. 1 ऑगस्ट 2012 ला त्यांनी 8 पैकी 7 सर्व्हरवर नवा कोड टाकला, आठवा राहिला. नव्या कोडने जुनाच फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, त्यामुळे आठव्यावर 2003 पासून पडून असलेला कोड जागा झाला. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलर गेले. “आणि सर, मूळ कॅसँड्रा प्रकल्पानेही 4.0 मध्ये 3.0 च्या आधीचं सगळं काढलंच ना?”

काढलं होतं. माझं बोट अप्रूव्हवर गेलंही होतं.

अडलं ते काउंटरपाशी. एसएसटेबल, म्हणजे कॅसँड्राची डिस्कवरची डेटा फाइल, एकदा लिहिली की कधीच बदलत नाही. कंपॅक्शनमध्ये ती दुसऱ्या फायलींत मिसळून नव्याने लिहिली जाते तेव्हाच तिचा फॉरमॅट बदलतो. आमच्या टेबलांवर साइझ-टायर्ड कंपॅक्शन आहे, म्हणजे साधारण सारख्या आकाराच्या किमान 4 फायली जमल्याशिवाय काही होत नाही. पिल्लं पटापट विलीन होतात. 400 जीबीचं धूड मात्र जोडीदारांची वाट पाहत वर्षानुवर्षं पडून राहतं. आणि त्यातल्या जुन्या ग्राहकांबद्दल कुणी विचारलंच नाही, तर ब्लूम फिल्टर (हवी ती नोंद फायलीत नाही हे आधीच सांगणारी छोटी रचना) त्या फायलीला हातही लावू देत नाही. काउंटर खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी वाचलं एवढंच कळत होतं, डिस्कवर काय आहे ते नाही.

फायलीच्या नावातच आवृत्तीची दोन अक्षरं असतात: 2.1 ची ‘केए’, 3.0 ते 3.11 ची ‘एम’ने सुरू होणारी. तेव्हा फायली नावाने शोधणारं नुसतं फाइंड चालवलं. 34 नोड स्वच्छ. दोन नोडवर मिळून तीन ‘केए’ फायली.

जुनं तिकीट उकरल्यावर उलगडा झाला. अपग्रेडच्या वेळी जुन्या फायली नव्या फॉरमॅटमध्ये लिहिणारी नोडटूल अपग्रेडएसएसटेबल्स ही कमांड सगळीकडे चालवली होती, पण नवी फाइल पूर्ण लिहून होईपर्यंत जुनी हलत नाही, आणि या दोघांच्या डिस्कवर तेवढी जागाच नव्हती. शेरा होता: “डिस्क वाढवल्यावर बघू.” शेरा माझाच.

त्या तीन फायलींचं काम एका रात्रीत उरकलं. खरी डोकेदुखी बॅकअपची. कोड काढल्यावर न वाचता येणारी फाइल डेटा फोल्डरात दिसली, तर नोड सुरूच व्हायला नकार देतो, हे चांगलंच. पण हा तपास स्नॅपशॉटच्या, म्हणजे त्या-त्या वेळी जपलेल्या प्रतींच्या, फोल्डरात डोकावत नाही, आणि नोडबाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमधले आमचे बॅकअप त्याला कुठून दिसणार? ऑडिटसाठी जपलेले सगळ्यात जुने बॅकअप पूर्णपणे ‘केए’ आहेत. ते परत आणायची वेळ कदाचित येणारही नाही. आली, तर ती बऱ्या दिवशी येणार नाही.

सगळे बॅकअप उतरवून नव्याने लिहायचे, असा एक विचार झाला. ऑडिटवाल्यांना ‘मूळ प्रत बदलली’ हे समजावत बसण्याची माझी तयारी नव्हती.

शेवटी कोड काढला. मुख्य शाखेत तो ठेवला असता, तर टूमस्टोनमधला (डिलीट केलेल्या डेटाच्या खुणांमधला) प्रत्येक बदल करताना त्याची मर्जी राखावी लागली असती, आणि गेल्या वर्षीचे आमचे दोन बग तिथूनच आले होते. जुनी आवृत्ती एका कंटेनर इमेजमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या लवाजम्यासकटच्या डबाबंद प्रतीत, बंद करून ठेवली आहे. तिच्यातलं एसएसटेबलअपग्रेड हे साधन नोडचं अख्खं क्लस्टर न उभारताही जुन्या फायली नव्या करून देतं. दर तिमाहीला एक जुना बॅकअप त्यातून काढून खरंच वाचता येतो का, ते पाहायचं. जूनची पाळी तिची होती. निरोप आला: “फायली वाचल्या. पण सर, या इमेजला जावा 8 च लागतं. त्याचे सिक्युरिटी पॅच आता कुणी बघायचे?”

तिकीट माझ्याच नावावर आहे.