दोष जवारीचा नव्हता

सुरुवातीला मी दोष तंबोऱ्याला दिला.

पहाटे रियाजाला बसले की खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार नीट लागायची, जोडाच्या तारा एकमेकींत विरघळायच्या, पण त्या सगळ्यावर जी एक बारीक झळाळी असते ती काही केल्या येईना. तार बोथट बोलतेय असं वाटायचं. ज्यांचा तंबोऱ्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला की जवारी, म्हणजे तारेची ती झळाळी, खुलते किंवा मिटते. तीन आठवडे मी तो दोरा हलवत होते. रियाज अर्धा तास, दोरा पाऊण तास. शेवटी तंबोरा उचलून गाण्याच्या बाईंकडे गेले. त्यांनी चारही तारा छेडल्या, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, छान बोलतोय की. काय झालंय त्याला?"

त्याच सुमारास घरात कुणी "साठ" म्हणालं की मला "आठ" ऐकू यायला लागलं होतं. मुलगी वैतागायची, "आई, तुझं लक्ष कुठे असतं?" लक्ष फोनमध्ये असतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा.

मग एका रात्री हेडफोन काढून ठेवला, दिवा मालवला आणि शिट्टी ऐकू आली. जुना टीव्ही लावला की चित्र यायच्या आधी सुईसारखा एक सूर यायचा, तसा. मी उठून चार्जर काढला, फ्रिज बंद केला, खिडकी लावली. आवाज तसाच. कानांत बोटं घातली तर आणखी मोठा झाला. तेव्हा पोटात गोळा आला.

इथवर कशी पोचले ते सांगायला हवं. दोन वर्षं मी रोज एक मिनिटाचं गाणं ध्वनिमुद्रित करून लोकांसमोर टाकत होते. सुरुवात साधी होती: रियाजाला शिस्त लागेल. लागलीही. पण एक मिनिटात आलाप बसत नाही. पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर ऐकणारा अंगठा वर सरकवतो, म्हणून मी तान आधी घ्यायला लागले. फोनच्या इवल्या स्पीकरवर आवाज उठून दिसावा म्हणून रात्री हेडफोन लावून तो घासूनपुसून ‘मोठा’ करत बसायचे. दोन तास, तीन तास. गळ्यापेक्षा कानच जास्त राबत होते. उठताना कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, सकाळपर्यंत ते जायचं, आणि सकाळी गेलं म्हणजे काही बिघडलं नाही असा माझा हिशोब होता. तो बधिरपणा हीच कानाची तक्रार असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी मळ आणि पडदा पाहिला, मग प्रश्न विचारले. एका कानात की दोन्ही? नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? चक्कर? कोणती औषधं चालू आहेत? एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं असं काही? शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. तसं झालं तर एक दिवसही थांबायचं नसतं म्हणाले, उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. माझं तसं नव्हतं. मला श्रवणचाचणीला पाठवलं.

त्या बंद खोलीत बसणं हा गाणाऱ्या माणसासाठी चमत्कारिक अनुभव आहे. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, बस्स. सूर क्षीण होत जातात आणि तुम्ही श्वास रोखून धरता. 250 हर्ट्झ, 500, 1000, 2000, सगळीकडे बटण पटापट दाबलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र वाजत होतं.

कागदावरची रेघ 2000 पर्यंत सरळ होती, 4000 ला दरीत कोसळली होती आणि 8000 ला पुन्हा थोडी वर आली होती. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाचा हा नेहमीचा आलेख. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तो उलगडून सांगितला. आतल्या शंखाकृती नळीत सुमारे 15,000 केसपेशी असतात, प्रत्येक जागेची पेशी आपापल्या उंचीच्या सुराला जागी होते. कानाची बाहेरची नळी एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. ती स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवते, म्हणून मार बसतो तो त्याच्या थोडा वरच्या पेशींना. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर पुन्हा येतात. माणसात येत नाहीत. (पक्ष्यांचा मला त्या दिवशी फार राग आला.)

4000 हर्ट्झच्या आसपास काय काय असतं? ‘स’ची सळसळ असते, म्हणून साठाचा आठ झाला होता. आणि तारेचे वरचे उपस्वर असतात, मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे. जवारीची झळाळी तिथेच राहते. तंबोरा नीट होता, तो ऐकणारी पेशी जागेवर नव्हती.

मग हिशोब कळला. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास चालेल, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मा. म्हणजे 94 ला तासभर, 100 ला पंधरा मिनिटं. माझे तीन तास यात कुठे बसतात ते मोजायची मला हिंमत झाली नाही. ते ‘फक्त 3’ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, हेही तेव्हाच कळलं. मी तर रोज रात्री सरकपट्टी थोडीशीच पुढे नेत होते.

शिट्टीचं मात्र वेगळंच निघालं. बाईंनी यंत्रावर तिच्याशी जुळणारा सूर शोधला, 6000 हर्ट्झच्या आसपास. मग तिची पातळी मोजली. मला विचाराल तर ती इंजिनाची शिट्टी होती. यंत्र म्हणालं, तुम्हाला जेमतेम ऐकू येईल त्या पातळीच्या 6 डेसिबल वर. म्हणजे पानांची सळसळ. मी म्हटलं, शक्यच नाही, मी तीन रात्री झोपले नाहीये. त्या म्हणाल्या, "आवाज तेवढाच आहे. बाकीचं तुमचं लक्ष आहे." कानाकडून संदेश कमी झाले की मेंदू आपला आवाज वाढवून ऐकायला लागतो, आणि त्यातून हा नसलेला सूर उभा राहतो, असं सध्या बहुतेक जण मानतात. त्यावर भीतीचा शिक्का बसला की मेंदू तो सोडत नाही. शिट्टी घालवणारी गोळी नाही. शिक्का मात्र पुसट होतो, काही महिन्यांत.

मग त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा तपासता?"

मी म्हटलं, "शंभरेक वेळा असेल. टाकलेलं गाणं किती जणांनी ऐकलं, कोण काय म्हणालं..."

त्या शिट्टीबद्दल विचारत होत्या.

दोघी हसलो. पण घरी येताना माझ्या लक्षात आलं की हालचाल तीच आहे. मनात एक बारीकशी टोचणी, क्षणभर थांबून बघणं, आणि बघितल्याने टोचणी वाढणं. शिट्टी आहे का अजून? आहे. फोनवर काही आलंय का? नाही. पाच मिनिटांनी परत.

म्हणून दोन्ही एकदम सोडायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी आपटले. मी रीतसर जाहीर केलं की प्रकृतीसाठी काही काळ थांबतेय. मग त्या घोषणेवर कोण काय म्हणतंय ते दिवसभर बघत बसले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं आणि संध्याकाळी ब्राउझरमधून, मागच्या दाराने आत शिरले. रात्री त्याहून वाईट. कर्णनादाबद्दल, म्हणजे कानातल्या अशा शिट्टीबद्दल, वाचत बसायचे. बरे झालेले लोक त्याबद्दल लिहीत नाहीत हे उघड आहे, पण रात्री अडीचला ते सुचत नाही. समोर दिसतात ते सगळे बुडालेलेच. अशाच एका रात्री स्मेटानाची हकिकत सापडली. या चेक संगीतकाराला 1874 साली पूर्ण बहिरेपण आलं, आणि 1876 च्या आपल्या पहिल्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) शेवटच्या भागात, ऐन आनंदाचं संगीत चालू असताना, त्याने व्हायोलिनवर एक तीक्ष्ण, लांबलचक सूर ठेवला. तोच त्याच्या कानातला सूर. मी फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि उजाडेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्यांदा जाहीर काहीच केलं नाही. घोषणा नाही, परत कधी येणार नाही, काही नाही. गजराचं घड्याळ आणलं आणि फोन रात्री स्वयंपाकघरात राहायला गेला. खाती मिटवली नाहीत. मी त्या जातीची नाही, आजही ती आहेत. पासवर्ड मुलीने बदलला. तिने तो ज्या आनंदाने बदलला त्यावरून बरंच काही समजलं.

पहिले दहा दिवस वाईट. बोटांना काम नसायचं. गाताना एखादी जागा बरी आली की ती आपोआप एक मिनिटाच्या चौकटीत बसायची, इथून कापायची, इथे संपवायची. कुणी ऐकलीच नाही तर ती जागा आली कशी म्हणायची, असा खुळा प्रश्न पडायचा. हे कबूल करायला लाज वाटते, कारण त्याआधी वीस वर्षं मी कुणीही ऐकत नसताना गात होते.

कानांसाठी दोनच नियम होते. एक, मोठ्या आवाजाजवळ जायचं तर कानांत बोळे. दोन, एरवी बोळे घालायचे नाहीत, आणि पूर्ण शांततेत बसायचं नाही. दुसरा मला उलटा वाटला. दुखऱ्या कानाला विश्रांती नको? पण शांततेत मेंदू आणखी कान टवकारतो. रात्री पावसाचा आवाज लावा, ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, पण शिट्टी बुडेल इतका मोठा नको. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. बुडवलेल्या गोष्टीची सवय होत नाही. पावसाऐवजी मी तंबोरा लावला. हेडफोनशिवाय, खोलीच्या कोपऱ्यातून, अगदी हळू. गंमत अशी की लहानपणापासून मी ज्या अखंड नादात बसत आले, तोच आता औषध म्हणून लिहून मिळाला होता.

आणि रियाजात दोरा हलवणं बंद केलं. ते सगळ्यात अवघड गेलं, फोनपेक्षाही. झळाळी ऐकू येत नाही तर मग काय ऐकू येतंय, हे बघायला लागले. खर्जाच्या तारेतून गंधार येतो. तो कुणी छेडत नाही, मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीवर तो आपला आपण उभा राहतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. विद्यार्थिदशेत तो ऐकू आल्याचं मी गाण्याच्या बाईंना सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर तेव्हा मी थाप मारली होती, सगळ्यांना येतो म्हणून. आता तो माझ्या दरीच्या बराच खाली, शाबूत कानात होता. सातव्या की आठव्या दिवशी खरोखर ऐकू आला. खर्ज विरत असताना, उशिरा, जणू दुसऱ्याच कुणाच्या खोलीतून. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा नव्हता आला?"

आज या गोष्टीला चौदा महिने झाले. मधली सहा महिन्यांची झोप, चिडचिड, दोन वेळा परत घसरणं, यात सांगण्यासारखं फार नाही. पट्टीवरचे आकडे लिहायला एक वही दिली होती, शून्य ते दहा, शिट्टीचा त्रास किती. पहिल्या महिन्यात आठ-नऊ, मग सहा, मग दिवस गाळलेले, मग पानं कोरी. नुकतीच दुसरी श्रवणचाचणी झाली. 4000 ची दरी तेवढीच खोल आहे, 40 डेसिबल, तसूभर फरक नाही. ऑडिओलॉजिस्ट बाई खूश झाल्या. वाढली नाही ना, म्हणाल्या. साठ आणि आठ अजून विचारून घ्यावे लागतात. जवारी मी आता स्वतः लावत नाही, गाण्याच्या बाई लावून देतात. माझ्या कानाला पटेल अशी लावली तर बाकीच्यांना ती कर्कश होईल. महिन्यातून एकदा एखादं गाणं लोकांसमोर ठेवते, पूर्ण, अकरा-बारा मिनिटांचं. थोडे लोक ऐकतात. किती, ते मुलगी बघते आणि मी विचारलं तरच सांगते.

लोकांना वाटतं शिट्टी गेली. गेलेली नाही. फक्त तिची आठवण काढली तरच ती येते. हे लिहायला घेतलं तेव्हा नव्हती, तिसऱ्या परिच्छेदापासून आली आहे आणि आता चांगलीच मोठी झाली आहे. तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, पंचम उतरलेला दिसतोय. तो आधी जुळवून घेते.