काळा कोट

डिसेंबरातली सकाळ होती. नाशिकरोडच्या फलाटावर बोलताना तोंडातून वाफ निघत होती, म्हणून काळा कोट बॅगेत न ठेवता अंगातच घातला. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्या दिवशी हायकोर्टात एक प्रकरण होतं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, ते बरंच खाली असल्यामुळे पंचवटी एक्स्प्रेसने गेलं तरी वेळेत पोहोचणार होतो. गळ्यातले पांढरे बँड मात्र बॅगेत होते. समारंभ वगळता बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर चारचौघांत घालू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. कोटाला तशी मनाई नाही. पण बँड नसले की उरतो पांढरा शर्ट, काळी पँट आणि काळा कोट. रेल्वेच्या डब्यात अशा माणसाला टीसीच म्हणतात.

आरक्षित डब्यात शिरलो तर दाराजवळ एक आजी पिशवीवर बसलेल्या. मला पाहताच त्या धडपडत उभ्या राहिल्या.

"सायेब, तिकीट हाये माझ्याकडं. निफाडलाच काढलंय. पर ह्या डब्याचं न्हाई म्हनं."

तिकीट जनरलचं होतं. पंचवटीत आरक्षित डबे वेगळे, पासधारकांचे वेगळे, जनरल वेगळे. गाडी निफाडला थांबते ती जेमतेम चढण्याइतकी. समोर आला त्या डब्यात त्या चढल्या होत्या. नवरा परळला टाटा हॉस्पिटलात होता, आणि भाचा दादरला घ्यायला येणार होता.

"आजी, मी टीसी नाही, वकील आहे," मी म्हणालो. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचे डोळे कोटावरून हलत नव्हते. "मधीच उतरवू नगा," म्हणत त्यांनी कनवटीचा बटवा सोडला आणि चौघडी केलेल्या शंभराच्या दोन नोटा माझ्या हातात कोंबल्या.

हे सांगायला अजूनही जड जातं. मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने मान खिडकीकडे वळवली होती. पलीकडच्या कॉलेजच्या मुलाने, मी न मागताच, मोबाइलवरचं तिकीट उघडून माझ्यापुढे धरलं. पावती कुठे, ओळखपत्र कुठे, छातीवर नावाची पट्टी का नाही, हे कुणीच विचारलं नाही. मी त्या नोटा खिशात घातल्या असत्या तर कुणी हटकलंही नसतं. फसवण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा वेष घालणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला स्वतंत्र कलम आहे. मी वेष घातला नव्हता आणि हेतूही नव्हता, पण दोनशे रुपये माझ्या तळहातावर होते. ते मी सगळ्यांदेखत आजींच्या मुठीत परत ठेवले, आणि मग डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "मी वकील आहे. पावतीशिवाय कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. कोट कसाही असो."

आजी अजून थरथरत होत्या. त्यांना माझ्या सीटवर बसवलं आणि सोप्या भाषेत सांगितलं. रेल्वे कायदा १९८९ चा. चुकीच्या डब्यात बसलं तर भाड्यातला फरक आणि वर किमान अडीचशे रुपये भरावे लागतात, हे १३८ व्या कलमात आहे. पण त्याच्याच पुढचं १३९ वं कलम एकट्या बाईच्या बाजूचं आहे. सोबत पुरुष नसेल तर तिला वाटेल त्या स्टेशनावर उतरवता येत नाही. जिथून निघाली तिथे, नाहीतर जंक्शनला, शेवटच्या स्टेशनाला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच, आणि तेही फक्त दिवसा. कोर्टात ही कलमं मी कितीदा चाळली असतील, पण त्या कलमांमुळे समोर बसलेल्या माणसाचा श्वास संथ होताना पहिल्यांदाच पाहिला.

देवळाली मागे पडल्यावर खरी टीसी आली. तरुण मुलगी, छातीवर नावाची पट्टी, हातात मशीन. मी १३९ काढलं तर ती म्हणाली, "सर, आजींना उतरवतंय कोण? पण पावती फाडावी लागेल." तिचं बरोबरच होतं. पैसे मी देऊ केले, तर आजींनी माझा हात बाजूला सारला. त्याच दोन नोटा पुढे केल्या, बटव्यातून आणखी काढल्या आणि मोजून दिल्या.

मग पावती माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "वाचून दाखव बाबा, काय काय लिवलंय." मी तारखेपासून रकमेपर्यंत सगळं वाचलं. त्यांनी ती घडी घालून बटव्यात, नवऱ्याच्या केसपेपरच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. इगतपुरी गेली, घाट उतरला. कसाऱ्यापर्यंत त्या बांधाच्या वादाबद्दल विचारत राहिल्या. चुलत दिराने नांगरताना हातभर बांध कोरला होता. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात कसा करायचा, ते एका कागदावर लिहून दिलं.

दादरला त्यांची पिशवी घेऊन मी आधी उतरलो आणि त्यांना हात दिला. भाचा गर्दीतून धावत आला. काळ्या कोटातल्या माणसाने आत्याचा हात धरलेला पाहिला आणि त्याने घाईघाईने पाकीट काढलं.

"साहेब, किती झाला दंड?"

"आरं, हे वकील हायेत," आजी म्हणाल्या. "दंड म्या भरलाय. पावती हाये."