असे पिक्चर कायले पाहता जी?

नागपूरच्या प्रतापनगरात सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मला हमखास विचारलं जातं, "सर, आयुष्यात ताप कमी हाये का? त्यात हे काळेकुट्ट पिक्चर कायले पाहता जी? अन् वरून आम्हालेही पाहा म्हणता!" रोख असतो 'अर्धसत्य'वर, कारण मी सगळ्यांच्या मागे लागतो ते त्याच्यासाठीच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

पिक्चर १९८३ चा, भाषा हिंदी, पण घडण बरीचशी मराठी. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्रे यांची. दिग्दर्शक गोविंद निहलानी. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरमध्येही सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. समीक्षकांनी तेव्हापासून 'वास्तववादी', 'अस्वस्थ करणारा' ही विशेषणं इतकी वापरली की आता ती गुळगुळीत झाली आहेत. कौतुक खोटं नाही. पण अंधार दाखवला म्हणून पिक्चर मोठा होत नाही. तसे दर शुक्रवारी येतात.

नायक म्हणजे ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. बापही पोलिसातला, बायकोला मारणारा, आणि त्यानेच पोराला जबरदस्तीने खात्यात ढकललेलं. वस्तीतल्या एका बाईला त्रास देणाऱ्या गुंडांना वेलणकर कोठडीत घालून बडवतो. आपल्याला बरं वाटतं. खरं सांगा, वाटतं की नाही? त्या गुंडांच्या पाठीराख्या आमदाराला ते खुपतं, वेलणकरच्या निलंबनाची मागणी होते, तेव्हा तर आपण पुरते त्याच्या बाजूचे होतो. पुढे रामा शेट्टी या बड्या गुंडाला धरायला गेलेल्या या माणसाला वरून हुकूम येतो आणि हात हलवत परतावं लागतं. मग दारू. आणि त्या दारूत तोच हात एका किरकोळ चोरावर चालतो, चोर मरतो.

हात तोच. मघाशी त्याच हाताला आपण मनातल्या मनात शाबासकी दिलेली असते, आणि ती आता परत घेता येत नाही. या पिक्चरची शोकांतिका मला तिथे दिसते. वेलणकर भ्रष्ट होऊन बुडत नाही, त्याच्यातलं जे आपल्याला आवडलं त्यानेच बुडतो.

नागपूरकराला हे दूरचं वाटू नये. १३ ऑगस्ट २००४ ला इथल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. जमावात बहुतेक त्याच्या दहशतीखालच्या कस्तुरबानगर वस्तीतल्या बायका होत्या. या बायकांनी त्याच्यापायी काय काय सोसलं होतं ते बाहेर आल्यावर त्यांना दोष द्यायची माझी छाती झाली नाही. आजही होत नाही. गावभर 'बरं झालं' म्हणत होते, मीही म्हणालो. मात्र त्याच्या पुढचं वाक्य काय, ते मला कधी सुचलेलं नाही. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला सगळीकडून हाकलून लावलं की तो काय करेल, आणि केल्यावर त्याचं काय होईल, यातला पहिला अर्धा भाग सगळेच पिक्चर दाखवतात. 'अर्धसत्य' दुसऱ्या अर्ध्यातही शिरतो.

सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी वेगळ्या लेखाचा विषय आहे. नगरचा, मराठी रंगभूमीवर घडलेला नट, हिंदीतलं पहिलंच काम, आणि भीती वाटते ती त्याच्या निवांतपणाची. चोर मेल्यावर त्याच्याच दारात वेलणकर नोकरी वाचवायला जातो, हे पाहणंच जड जातं. शेट्टी त्याला आपल्या पदरी ठेवायला बघतो आणि वेलणकर त्याचा गळा आवळतो. शिट्ट्यांसाठी काढलेला पिक्चर इथे संपला असता. इथे वेलणकर ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. खून केलेल्याला मोकळं वाटत असेल, असा दिलासासुद्धा निहलानी देत नाहीत.

माझी एक तक्रार आहे, ती स्मिता पाटीलच्या ज्योत्स्नाबद्दल, म्हणजे वेलणकरच्या प्रेयसीबद्दल. प्राध्यापिका, विचाराने पक्की, कोठडीतल्या प्रकारानंतर त्याच्याशी लग्न करण्यापासून मागे सरणारी. एवढी मोठी नटी, आणि बराच वेळ तिने नुसतं नायकाकडे काळजीने बघायचं? आमच्या सौ.चं मत याहून कडक आहे. तिच्या मते अख्ख्या पिक्चरमध्ये शहाणं माणूस एकच, आणि नेमकी तिलाच सगळ्यांत कमी जागा दिली.