डिझेल पिकअपचा आवाज : खर्ज हवा, गोंगाट नको

पिकअपचा आवाज सुधारणे म्हणजे सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकणे, असा समज नाशकात अनेकांचा आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. आमच्या इसुझू व्ही-क्रॉस या डिझेल पिकअपवर अंबडमधल्या एका फॅब्रिकेटरकडून काम करून घेतल्यावर ते अधिकच पक्के झाले. चांगला आवाज मिळवायचा तर त्यातले नको ते काढून टाकावे लागते.

मुळात चार सिलिंडरच्या टर्बो डिझेलकडून काय अपेक्षा ठेवायची, हे समजून घ्यायला हवे. अमेरिकी पिकअपची ती प्रसिद्ध गुरगुर व्ही-8 इंजिनाच्या क्रॉस-प्लेन क्रँकमधून (ज्याचे खटके एकमेकांशी काटकोनात असतात) येते, कारण तिथे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. आपल्या इंजिनात ते समान अंतराने होतात आणि वर टर्बोचे टर्बाइन, म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा पंखा, प्रत्येक धक्क्याची धार बोथट करते. त्यामुळे कितीही पाइप बदलले तरी व्ही-8 चा आवाज येणार नाही. मात्र भरदार, स्वच्छ खर्ज नक्की मिळू शकतो.

टर्बोनंतर बीएस-6 गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, आणि त्याला दाबाचे व तापमानाचे सेन्सर जोडलेले असतात. या भागाला हात लावायचा नाही. तो काढला की काळा धूर सुरू होतो, डॅशबोर्डवर दिवे लागतात, इंजिन स्वतःची ताकद आवरते आणि कायदाही मोडतो. आम्ही सारे काम डीपीएफच्या मागेच केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली ध्वनी वा वायू प्रदूषणाचे निकष मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण मला दंडापेक्षा गंगापूर रोडवरच्या रुग्णालयांसमोरून जाताना होणाऱ्या त्रासाची काळजी जास्त वाटते. म्हणून आवाज मूळच्यापेक्षा मोठा होता कामा नये, ही अट मी आधीच घातली होती.

खरे काम होते केबिनमधली घुमघुम घालवण्याचे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे 1800 आरपीएमला सेकंदाला 60. मुंबई-आग्रा महामार्गावर एका वेगाने जाताना हीच 60 हर्ट्झची लहर केबिनमध्ये साचते आणि कसाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर डोके जड होते. त्यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली, टोकाशी बंद असलेली एक फांदी. तिची लांबी लहरीच्या चौथ्या भागाएवढी ठेवली की आत जाऊन परतलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडून तिला खोडून काढते. सुमारे 200 अंश तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला 436 मीटरच्या आसपास असतो, म्हणून लांबी साधारण 1.8 मीटर येते. मोटारीत एवढी जागा मिळणे कठीण. पिकअपच्या लांब चेसिसच्या कडेला ती आरामात बसते. फॅब्रिकेटरने फांदीच्या टोकाला सरकणारे बूच लावले, गाडी रस्त्यावर तापवून आणली आणि बूच बोटभर आत-बाहेर करत घुमघुम सर्वांत कमी झाली तिथेच ते वेल्डिंग करून बंद केले. हिशोब कागदावर होतो, पण शेवटची जागा कानच ठरवतो.

पाइप 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला, टिग वेल्डिंग केले आणि जुने रबरी हँगर बदलले. अॅक्सलवरून जाणाऱ्या वळणाकडे लक्ष द्यावे लागते, कारण रिकाम्या गाडीत भरपूर दिसणारी फट मागे द्राक्षांचे क्रेट भरले, पाटे दबले की नाहीशी होते. म्हणून फिटिंगची तपासणी माल भरूनच करावी, आणि ब्रेकची नळी, डिझेलची नळी व स्टेपनी यांच्यापासून पाइप किती दूर राहतो ते त्याच अवस्थेत पाहावे. मूळ सायलेन्सर मी भंगारात दिलेला नाही. तो गुंडाळून गोदामात ठेवला आहे, म्हणजे कधी तक्रार आलीच तर अर्ध्या दिवसात परत बसवता येईल.